दिव्यांग पेन्शन चालू असताना नवीन आजार निघाला तर कुठं, काय आणि कसं कळवायचं

मामांचा उजवा डोळा गेला तेव्हा घरात पहिली चर्चा डोळ्याची नव्हती, पेन्शनची होती. मामी म्हणाली, "हे आता कुठं बोलू नका बरं, उगाच परत तपासणी लावतील आणि आहे ते पण बंद करतील." त्याच संध्याकाळी शेजारचे एकजण चहाला आले आणि सांगून गेले की पायाचे पन्नास, एका डोळ्याचे तीस, झाले की ऐंशी, आता निळं कार्ड आणि पैसे डबल, उद्याच तहसीलला जा. दोघांचंही चुकीचं होतं, पण हे कळायला आम्हाला चार महिने आणि सात हेलपाटे लागले. ते हेलपाटे दुसऱ्या कुणाचे वाचावेत म्हणून लिहितोय. हे सगळं महाराष्ट्रापुरतं आहे, गोव्यात दयानंद सामाजिक सुरक्षा योजना आहे आणि तिचे नियम वेगळे आहेत. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं केंद्र सरकारचं ओळखपत्र, मात्र देशभर एकच.

आधी मामांची परिस्थिती सांगतो म्हणजे पुढचं समजेल. लहानपणी पोलिओ, डावा पाय बारीक आणि आखूड. २०१३ मध्ये सिव्हिलमधून सर्टिफिकेट काढलं, तेव्हा एसएडीएम नावाचं सॉफ्टवेअर होतं त्यावर निघायचं, ५० टक्के, कायमस्वरूपी. नंतर यूडीआयडी आलं तेव्हा तेच आकडे घेऊन पिवळं कार्ड मिळालं. कार्डाच्या रंगाचा अर्थ बऱ्याच जणांना माहीत नसतो, ४० च्या खाली पांढरं, ४० ते ८० च्या आत पिवळं, ८० आणि वर निळं. पेन्शन संजय गांधी निराधार योजनेतली, तिथं दिव्यांग म्हणून नोंद. शुगर पंधरा वर्षांची, पण गोळ्या कधी घेतल्या कधी नाही, आणि मग एक दिवस उजव्या डोळ्यापुढं काळा पडदा. डोळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की शुगरमुळं डोळ्याच्या आतल्या पडद्याचं नुकसान झालंय, ऑपरेशन झालं, पण नजर काही परत आली नाही. डावा डोळा चष्मा लावून चांगला आहे.

आता मुद्द्याची गोष्ट, जी आम्हाला कुणीच सुरुवातीला सांगितली नाही. आजाराच्या नावाला टक्के मिळत नाहीत. आजारानं शरीराचं जे कमी केलं त्याला मिळतात. मेंदू-मज्जातंतूच्या आजारांबद्दल तर केंद्र सरकारच्या मूल्यांकनाच्या गाइडलाइन्समध्ये सरळ म्हटलंय की मोजायचा तो आजार नव्हे, त्याचे परिणाम. त्यामुळं फाइल घेऊन मेडिकल बोर्डापुढं, म्हणजे टक्के ठरवणाऱ्या सरकारी डॉक्टरांपुढं, बसलात आणि "साहेब, मला डायबेटिस निघालाय" म्हणालात तर ते म्हणणार मग काय करू. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये २१ प्रकार दिलेत (आधीच्या १९९५ च्या कायद्यात फक्त सात होते), त्या यादीत डायबेटिस नाही, बीपी नाही, हार्ट नाही, किडनी नाही, कॅन्सर पण नाही. पण शुगरमुळं नजर गेली तर ती अंधत्व किंवा अल्पदृष्टीत मोजली जाते, शुगरमुळं पाय कापावा लागला तर तो अस्थिव्यंगात येतो. दुसरीकडं काही आजार नावानिशी यादीत आहेत, पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस, हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल, मस्क्युलर डिस्ट्रॉफी, मानसिक आजार. पण नाव यादीत आहे म्हणून ४० टक्के आपोआप मिळतात असं नाही, तिथंही त्रास किती ते बघूनच आकडा पडतो. मानसिक आजारासाठी सायकियाट्रिस्ट आयडियाज नावाच्या स्केलवर बघतात, माणूस स्वतःची काळजी घेतो का, लोकांशी बोलतो का, काम करू शकतो का असं.

म्हणून रिपोर्ट हातात पडला की तहसीलला पळायचं नाही. आम्ही तीच चूक केली. मामांना गाडीत घालून, ऑपरेशनची फाइल छातीशी धरून संजय गांधी शाखेत गेलो आणि तिथल्या क्लार्क बाईंनी फाइल उघडली पण नाही. "हे आम्हाला काय कळणार दादा, नवीन सर्टिफिकेट आणा." रागच आला तेव्हा, पण बाईंचं बरोबर होतं. तहसीलला डायग्नोसिस नको असतं, टक्का हवा असतो, आणि टक्का फक्त सरकारनं नेमलेलं मेडिकल बोर्ड देऊ शकतं. खासगी डॉक्टरचं पत्र, एमआरआय, डिस्चार्ज कार्ड हे सगळं पुरावा म्हणून उपयोगी, सर्टिफिकेट म्हणून शून्य. तर क्रम असा, आधी उपचार, मग बोर्ड, मग यूडीआयडीवर नवीन आकडा, आणि शेवटी तहसील, एसटी, नोकरीचं ऑफिस वगैरे.

उपचार आधी हे मी उगाच लिहीत नाहीये. एक तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे, रेशन कार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राला भेटा, त्याला दिव्यांगत्वाचा टक्का लागत नाही. दुसरं म्हणजे बोर्ड विचारतंच की उपचार झाले का. मोतीबिंदू असेल तर आधी ऑपरेशन करून या म्हणतात, कारण नजर मोजायची ती चष्मा लावून, जेवढी सुधारते तेवढी सुधारून. अर्धांगवायूचं पण तसंच, अॅटॅकनंतर साधारण सहा महिने गेल्यावर तपासतात कारण तोवर फिजिओथेरपीनं हातपाय किती परत येतील ते सांगता येत नाही. आमच्या गल्लीतल्या एका काकूंना दुसऱ्याच महिन्यात स्ट्रेचरवर घालून नेलं होतं बोर्डापुढं, परत पाठवलं, बिचाऱ्यांचे हाल झाले नुसते.

सिव्हिलला जायच्या आधी फोन करून किंवा कुणाला तरी पाठवून दोन गोष्टी विचारा, बोर्ड कुठल्या वारी बसतं आणि तुमच्या नवीन त्रासाचे डॉक्टर त्या वारी असतात का. हे नाही विचारलं तर फुकट जाता. आमच्याकडं दिव्यांग बोर्ड बुधवारी, आम्ही बुधवारी गेलो, हाडांचे डॉक्टर होते, डोळ्याचे त्या दिवशी कॅम्पला. परत आलो. पुढच्या बुधवारी डोळ्याचे होते पण डोळ्यात थेंब टाकून तपासायला वेळ लागतो म्हणून सकाळी नऊला या म्हणाले, आम्ही पोचलो साडेअकराला कारण गावची एसटीच दहाला. तिसऱ्या वेळी आदल्या दिवशी मावशीकडं मुक्काम केला. उपजिल्हा रुग्णालयात सोय असेल तर ते जवळ पडतं, पण सगळ्या प्रकारच्या तपासण्या तिथं होत नाहीत, कानाची ऑडिओमेट्री किंवा बेरा, सिकलसेलची रक्ततपासणी अशासाठी बहुतेक वेळा जिल्ह्याला किंवा मेडिकल कॉलेजला पाठवतात.

अर्ज ऑनलाइन करावा लागतो, स्वावलंबन कार्ड नावाचं जे यूडीआयडीचं पोर्टल आहे त्यावर. तुमच्याकडं कार्ड आधीच असेल तर कृपा करून नवीन माणूस म्हणून परत नोंदणी करू नका. सायबर कॅफेवाले हे सर्रास करतात कारण त्यांना तोच फॉर्म पाठ असतो, आणि मग एकाच आधारवर दोन अर्ज दिसतात आणि दोन्ही अडकतात. जुन्या यूडीआयडी नंबरनं लॉगिन करायचं, नंबर १८ अक्षर-आकड्यांचा असतो, ओटीपी रजिस्टर मोबाइलवर येतो. इथंच निम्मे लोक अडकतात कारण कार्ड काढताना दिलेला नंबर बंद पडलेला असतो. मामांच्या कार्डाला त्यांच्या जुन्या, कधीच रिचार्ज न केलेल्या सिमचा नंबर होता, तो बदलायलाच सिव्हिलच्या दिव्यांग कक्षात एक चक्कर गेली. मोबाइल, पत्ता, फोटो हे आधी दुरुस्त करून घ्या, फोटो सहा महिन्यांच्या आतला लागतो. आणि ऑनलाइन अर्ज केला तरी कक्षात एक हाती अर्ज द्याच, कारण ऑनलाइनमध्ये "जुनंच आहे, त्यात नवीन भर घाला" हे नीट सांगायला जागाच मिळत नाही. आम्ही दिलेला अर्ज साधारण असा होता, नाव गाव बदलून वापरा:

प्रति,
मा. जिल्हा शल्यचिकित्सक,
जिल्हा रुग्णालय.

विषय : दिव्यांगत्वाचे फेरमूल्यांकन होऊन नवीन दिव्यांगत्वाची नोंद होणेबाबत.

महोदय,
वरील विषयी विनंती अर्ज करतो की, मला डाव्या पायाचे पोलिओमुळे ५० टक्के कायमस्वरूपी दिव्यांगत्व असून त्याचे प्रमाणपत्र व यूडीआयडी कार्ड माझ्याकडे आहे. मागील वर्षी मधुमेहामुळे माझ्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली असून शस्त्रक्रिया होऊनही सुधारणा झालेली नाही. तरी माझी नेत्र तपासणी करून दोन्ही दिव्यांगत्वाचे एकत्रित प्रमाणपत्र द्यावे ही विनंती.
सोबत : जुने प्रमाणपत्र, यूडीआयडी कार्ड, आधार कार्ड, शस्त्रक्रियेचे डिस्चार्ज कार्ड व नेत्रतज्ज्ञांचे रिपोर्ट यांच्या छायांकित प्रती.

आपला विश्वासू

बस, एवढंच. काही लोक तीन पानं लिहितात, घरची गरिबी, मुलगा बघत नाही वगैरे, त्याचा इथं उपयोग नाही, टक्क्याला गरिबीशी देणंघेणं नसतं. अर्जात शेवटचं वाक्य महत्त्वाचं, "एकत्रित". ते नसलं तर डोळ्याचे डॉक्टर फक्त डोळ्याचं सर्टिफिकेट काढतात, ३० टक्के, ४० च्या खाली, म्हणजे एकट्यानं ते कामाचं नाही. आणि अर्जाच्या दोन कॉप्या न्या, एकीवर पोच घ्या, शिक्का, तारीख, सही. पोच द्यायला कुरकुर करतात, करू द्या, उभं राहायचं.

आता आकड्याचं गणित, कारण सगळ्यात मोठा गैरसमज इथंच आहे. दोन दिव्यांगत्वांची बेरीज होत नाही. सूत्र असं आहे, मोठा आकडा अ, छोटा आकडा ब, मग अ + ब × (९० − अ) ÷ ९०. मामांचं बघा, अ ५०, ब ३०. नव्वदातून पन्नास गेले चाळीस, तीस गुणिले चाळीस बाराशे, भागिले नव्वद, तेरा पूर्णांक काहीतरी. पन्नास अधिक तेरा, ६३. ऐंशी नाही. सर्टिफिकेट हातात घेऊन मामा दोन मिनिटं बघत राहिले आणि म्हणाले, "अरे, सतरा टक्के कुणी खाल्ले रे?" तिथल्या सिस्टरपण हसल्या. पण याच सूत्राचा फायदा पण होतो कधीकधी. समजा तुम्हाला आधी ३५ टक्के मिळाले होते आणि ४० नाहीत म्हणून सगळीकडून नकार आला होता, आता दुसऱ्या एखाद्या त्रासाचे १० टक्के पडले, तर ३५ अधिक सहा, ४१ होतात आणि तुम्ही लाभात बसता. पाच-दहा टक्क्यांसाठी कशाला हेलपाटे असं म्हणून सोडून देणाऱ्यांनी एकदा कागदावर मांडून बघावं.

एका डोळ्याला तीसच का, हा मामीचा प्रश्न होता, अख्खा डोळा गेला ना म्हणे. नियमात चांगला डोळा किती चांगला आहे यावर सगळं असतं. चांगल्या डोळ्याची नजर अक्षरांच्या तक्त्यावर ६/१८ किंवा त्याहून बरी असेल तर दुसरा डोळा पूर्ण गेला तरी जास्तीत जास्त ३० टक्के. दुसरा डोळा अर्धवट गेला असेल तर १० किंवा २०. त्यामुळं एक डोळा गेलेल्या माणसाला फक्त डोळ्यावर ४० मिळत नाहीत, हे डॉक्टरांशी भांडून बदलत नाही. मामांचा डावा डोळा पण शुगरनं बिघडला, देव करो आणि न होवो, तर परत जाऊन तपासून घ्यायचं.

नियमानं सर्टिफिकेट आणि कार्डाला २०२४ च्या दुरुस्तीनंतर तीन महिन्यांपर्यंतची मुदत आहे, आधी एक महिना होती. आम्हाला बोर्ड झाल्यावर सात आठवड्यांत पोर्टलवर दिसायला लागलं, प्लास्टिकचं कार्ड पोस्टानं नंतर आलं. कार्डाची वाट बघत बसू नका, पोर्टलवरून डाउनलोड केलेलं सर्टिफिकेट चालतं. आकडा पटला नाही तर कायद्याच्या कलम ५९ खाली अपील आहे, ते उशीर न करता करा, पण आधी ते सूत्र मांडून बघा, नाहीतर बेरीज चुकली म्हणून अपील करायचात.

मामीच्या भीतीकडं येऊ. परत तपासणीत टक्के कमी होऊ शकतात का, तर हो, होऊ शकतात. बोर्डाला जुना पाय पण परत बघायचा अधिकार आहे, आणि गाइडलाइन्सही मार्च २०२४ मध्ये नव्या आल्यात. पोलिओचा पाय, कापलेला हात, यात काही बदलत नाही त्यामुळं आम्हाला भीती नव्हती. ज्यांचं आधीचं सर्टिफिकेट जेमतेम ४०-४२ चं आहे आणि मधल्या काळात ऑपरेशनमुळं किंवा औषधांनी फरक पडलाय त्यांनी डोकं शांत ठेवून विचार करावा, आपल्या नेहमीच्या डॉक्टरला विचारावं की आजच्या तारखेला मला किती बसेल. पण ज्याचा त्रास खरा आहे त्यानं लपवून काही मिळत नाही, उलट लाभ घ्यायला खोटं सांगितलं तर त्याच कायद्याच्या कलम ९१ मध्ये दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. आणि ज्यांचं सर्टिफिकेट तात्पुरतं आहे, वर "वैध दिनांक" लिहिलेलं असतं बघा, त्यांना तर निवडीचा प्रश्नच नाही, मुदत संपायच्या दोन-तीन महिने आधीच जायचं आणि नवीन आजार त्याच वेळी सांगायचा, एकाच फेरीत दोन्ही कामं.

नवीन सर्टिफिकेट आलं की मग तहसील. इथं काय बदलतं? खरं सांगायचं तर मामांच्या पैशात काहीच नाही. संजय गांधी निराधारमध्ये दिव्यांगांसाठी अट ४० टक्क्यांची, वर्षाचं उत्पन्न ५० हजारांच्या आत. ४५ असो नाहीतर ६३, रक्कम तीच. दिव्यांगांची रक्कम १,५०० होती ती ऑक्टोबर २०२५ पासून २,५०० झाली, ती सगळ्यांना तेवढीच. ८० च्या वर असता आणि दारिद्र्यरेषेखालच्या यादीत नाव असतं तर इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तीवेतन योजनेत घेतलं असतं. म्हणजे शेजारच्यांचं "डबल" कुठून आलं देव जाणे. मग कळवायचं कशाला? कारण यूडीआयडीवर एक आकडा, तहसीलच्या फाइलीत दुसरा आणि पडताळणीत दोन्ही जुळले नाहीत तर पैसे थांबतात, आणि थांबलेले पैसे सुरू करायला परत तेच हेलपाटे. एक साधा अर्ज, "माझे फेरमूल्यांकन झाले असून नवीन प्रमाणपत्र सोबत जोडत आहे, नोंद घ्यावी", सर्टिफिकेटची झेरॉक्स, पोच. अर्ध्या तासाचं काम, जेवणाची सुट्टी सोडून.

पण एक गट असा आहे ज्यांच्या पैशात खरंच फरक पडतो आणि त्यांना हे माहीतच नसतं. संजय गांधीमध्ये विधवा किंवा निराधार म्हणून नाव आहे, १,५०० मिळतात, आणि आता पॅरालिसिस झालाय किंवा ऐकू येणं गेलंय आणि बोर्डानं ४० च्या वर दिलेत. अशा बाईंनी नवीन सर्टिफिकेट लावून प्रवर्ग बदलून दिव्यांगमध्ये नोंद करायचा अर्ज द्यावा, कारण वाढीव रक्कम दिव्यांग नोंद असलेल्यांनाच आहे. वय ६५ च्या वर आणि श्रावणबाळ या म्हाताऱ्यांच्या पेन्शन योजनेत नाव असेल तरी हेच, तिथल्या दिव्यांगांनाही २,५०० आहेत. आणि नवीन निघालेलं कॅन्सर किंवा टीबीसारखं काही असेल, म्हणजे जे दिव्यांगत्वात बसत नाही, तर लक्षात ठेवा की संजय गांधी योजनेत दुर्धर आजाराचा वेगळा प्रवर्ग आहे, त्याला दिव्यांग टक्का लागत नाही, सरकारी डॉक्टरांचा दाखला लागतो, फक्त उत्पन्नाची मर्यादा तिथं २१ हजार आहे, ५० नाही. एका माणसाला या योजनेतून एकच लाभ मिळतो, दोन प्रवर्गांचे दोन पगार नाहीत.

एसटीचं बघा. ४० च्या वर असलेल्या दिव्यांगांना तिकिटात ७५ टक्के सूट, आणि ६५ टक्क्यांच्या वर असेल तर सोबतच्या माणसालाही ५० टक्के. मामा ६३ वर थांबले, म्हणजे दोन टक्क्यांनी सोबत जाणाऱ्या माझं अर्धं तिकीट हुकलं. हे मामीला अजून सहन झालेलं नाही, प्रत्येक वेळी कंडक्टरला ती हे सविस्तर सांगते. रेल्वेचं गणित वेगळं, तिथं टक्क्यापेक्षा प्रकार बघतात, पूर्ण अंध, मूकबधिर, मतिमंद, सोबतीशिवाय प्रवास करू न शकणारे अस्थिव्यंग असे, आणि सर्टिफिकेट पण त्यांच्याच ठरलेल्या नमुन्यात लागतं. एक डोळा गेला म्हणून रेल्वेत काही मिळत नाही. कॅन्सर, किडनी, थॅलेसेमिया, सिकलसेल अशा रुग्णांना मात्र उपचाराला जाण्यासाठी वेगळी सवलत आहे, ती दिव्यांग म्हणून नाही, रुग्ण म्हणून.

मामांचा मुलगा नोकरीला आहे आणि जुन्या करप्रणालीत रिटर्न भरतो. दिव्यांग अवलंबितासाठी ८०डीडी म्हणून ओळखली जाणारी वजावट ७५ हजारांची, ८० टक्के आणि वर असेल तर सव्वा लाखाची. त्याच्यासाठी आकडा बदलला नाही पण कागद बदलला, कारण आता सर्टिफिकेटवर "बहुविकलांगत्व" आलं आणि त्याला १०-आयए नावाचा वेगळा नमुना मागतात. सीएला आधीच सांगून ठेवा. आणि जे स्वतः सरकारी नोकरीत आहेत आणि नोकरीत असतानाच दिव्यांगत्व आलं किंवा वाढलं, त्यांनी घाबरून राजीनामा वगैरे अजिबात देऊ नये. कलम २० प्रमाणे सरकारी आस्थापनेला त्या कारणावरून काढता येत नाही, खालच्या पदावरही आणता येत नाही, जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरं काम द्यावं लागतं. तिथं लेखी कळवायचं, तोंडी नाही.

एक गोष्ट कुठल्याच यादीत नसते, लायसन्स. मामा बाजूला चाकं लावलेली स्कूटर चालवतात, त्यांचं सगळं स्वातंत्र्य त्या स्कूटरवर. डोळ्याचे डॉक्टर म्हणाले थोडे महिने चालवू नका, एका डोळ्यानं अंतराचा अंदाज यायला वेळ लागतो. मामांनी ऐकल्यासारखं केलं. लायसन्स नूतनीकरणाला जो स्वघोषणेचा फॉर्म १ असतो त्यात सरळ प्रश्न आहे की २५ मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचता येते का, आणि एक डोळा गेलेल्यांचा उल्लेख पण त्यातच आहे. तिथं खोटं टिक करू नका, अपघात झाला तर इन्शुरन्सवाले पहिल्यांदा तेच उघडतात. आम्ही अंगणात विटा मोजून २५ मीटर आखले आणि मामांना उभं केलं, नंबर वाचला त्यांनी, आणि वर शेजारच्या गाडीचा पीयूसी संपलाय हे पण सांगितलं.

ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला पण एक झेरॉक्स देऊन ठेवा. ५ टक्के दिव्यांग निधीतून वर्षाला काही ना काही वाटतात आणि यादी जुन्या नोंदीवरून निघते. नवीन त्रासाला नवीन साधन लागतं, कानाचं मशीन, काठी, व्हीलचेअर, त्यासाठी शिबिरं लागतात तेव्हा प्रमाणपत्रावर तो प्रकार लिहिलेला असावा लागतो. पायाच्या सर्टिफिकेटवर कानाचं मशीन कुणी देत नाही.

आणि एजंट. सिव्हिलच्या गेटवर, तहसीलच्या झाडाखाली, सगळीकडं असतात. आम्हाला एकानं दहा हजारांत "ऐंशी करून देतो" सांगितलं होतं. आता सर्टिफिकेटांच्या पडताळण्या जोरात चालू आहेत आणि वाढवलेला टक्का पकडला गेला तर एजंट नाही, तुम्ही सापडता. अडलंच तर जिल्ह्याच्या दिव्यांग सक्षमीकरण कार्यालयात जा, "आपले सरकार" पोर्टलवर तक्रार टाका, तिथूनही नाही झालं तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे, त्यांना पोचच्या कॉप्या जोडून पत्र टाका. पोच नसेल तर तक्रारीत लिहायला तारीखच नसते.

जानेवारी ते मार्चमध्ये हयातीचा दाखला द्यायचा असतो तेव्हा यंदा आम्ही त्यालाच नवीन कार्डाची झेरॉक्स टाचून दिली. त्याच क्लार्क बाई होत्या. त्यांनी कॉम्प्युटरवर बघितलं, ६३ आधीच चढलेले होते, मान वर न करताच म्हणाल्या, "झालंय तुमचं, बँकेत आधार लिंक आहे ना तेवढं बघा." मामांनी खिशातनं पासबुक काढलं आणि नवीन चष्म्यातून, डावा डोळा बारीक करून, शेवटची एन्ट्री त्यांना वाचून दाखवली.